रेड वाइन फ्रिजमध्ये? खुशाल ठेवा

व्हाइट वाइन थंड प्यावी आणि रेड 'रूम टेम्परेचर'ला, हा नियम आपल्याकडे युरोपातून आला. तिथल्या जुन्या दगडी घरांत खोली १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असायची. नाशिक-पुण्याकडे मे महिन्यात दिवेलागणीलाही घर ३२-३४ अंशांवर असतं आणि कपाटातली बाटलीही तेवढीच तापलेली असते. ती तशीच ओतली की पहिल्या घोटाला नाकात अल्कोहोलचा भपकारा येतो, घशाशी जळजळतं आणि द्राक्षाचा वास काही केल्या सापडत नाही. मग 'आपल्याला नाही बुवा आवडत रेड वाइन' असं म्हणून माणूस बिअरकडे वळतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण अशा वेळी वाइन बहुधा चांगलीच असते.

भपकाऱ्याचं कारण सरळ आहे. इथेनॉल झटकन उडून जातं, आणि २० अंशांवरून ३५ अंशांवर जाताना त्याचा बाष्पदाब दुपटीहून जास्त वाढतो. फळाच्या नाजूक वासांवर ही वाफ मात करते. जळजळीचं कारण याहून रंजक आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या ग्राहीमुळे (चेतातंतूवरच्या संवेदक प्रथिनामुळे) जाणवतो, त्या टीआरपीव्ही-१चा शोध डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये लावला. ज्युलियस २०२१च्या नोबेलचे एक मानकरी. एरवी ही ग्राही साधारण ४२ अंशांच्या पुढे 'भाजतंय' असा निरोप मेंदूला पाठवते. इथेनॉलच्या सान्निध्यात हा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास उतरतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या खोलीचंच तापमान!

मग सगळ्याच रेड वाइन गार का करू नयेत? इथे टॅनिन आडवं येतं. सुपारी चघळताना तोंड जसं आवळून येतं, तसं हे टॅनिन करतं. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून ते वाइनमध्ये उतरतं, लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतं आणि तोंडातला ओशटपणा जातो. वाइन गार केली की वास दबतो. गोडवाही दबतो, कारण जिभेवरच्या चवीच्या पेशींत गोड चवीचा संदेश पुढे नेणारी टीआरपीएम-५ ही वाहिनी १५ अंशांच्या आसपास मंदावते आणि ३५ अंशांपर्यंत जोर धरत जाते. गोव्याची गोड पोर्ट फ्रिजमधून काढल्यावर जास्त सुखाची लागते ती यामुळेच. पण कॅबर्ने सॉव्हिन्यॉन किंवा शिराझसारखी टॅनिनने भरलेली वाइन फार गार केली, तर हाती उरतो फक्त तुरटपणा.

म्हणून गार प्यायची रेड टॅनिनने हलकी हवी. तिचा उत्तम नमुना फ्रान्सच्या बोजोले भागात गामे द्राक्षापासून बनतो. बोजोलेच्या उत्तरेला असलेल्या बरगंडीचा ड्यूक फिलिप याने १३९५ मध्ये हेच द्राक्ष आपल्या मुलखातून हद्दपार करायचं फर्मान काढलं होतं. दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या डोंगरउतारांवर ते तगलं. तिथे अनेक ठिकाणी द्राक्षं न चुरडता घडच्या घड टाकीत भरतात. तळाचे मणी वजनाने फुटतात, त्यांचा रस यीस्टमुळे आंबतो आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड टाकीभर पसरतो. आता वरच्या अखंड मण्यांना ऑक्सिजन मिळत नाही. मग मण्याच्या आत, यीस्टशिवाय, त्याची स्वतःची विकरं (एन्झाइम्स) साखरेचं अल्कोहोल करू लागतात. अल्कोहोल सुमारे दोन टक्के होईपर्यंत हे चालतं. त्याच वेळी आंबट मॅलिक आम्लही घटतं. साल अल्कोहोलमध्ये फार काळ मुरत नसल्याने रंग उतरला तरी टॅनिन बेताचंच येतं. अशा वाइनला कधी कधी चक्क केळ्याचा वास येतो. त्यामागचं आयसोअमाइल अ‍ॅसिटेट पिकल्या केळ्यातही असतं.

ही वाइन १२ ते १४ अंशांवर खुलते. दुकानात निवडताना मी दोन गोष्टी बघतो: अल्कोहोल १३ टक्क्यांच्या आत आणि ग्लासातून आरपार दिसणारा रंग. नाशिकच्या दणकट शिराझला १६-१८ अंश ठीक, पण उन्हाळ्यात तेवढ्यासाठीसुद्धा तिला फ्रिज दाखवावाच लागतो.

'अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा' हा परदेशी सल्ला मात्र इथे पुरत नाही. ३४ अंशांची बाटली १३ वर यायला दोन तास तरी सहज लागतात, कारण फ्रिजमधली हवा उष्णता फार हळू ओढून घेते. पाण्याची उष्णतावहनक्षमता हवेच्या सुमारे २५ पट आहे. तेव्हा बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं निम्मं घ्या आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात खड्यांच्या मधल्या फटींत हवाच राहते, म्हणून पाणी हवंच. ग्लासात थोडी थोडी ओता, कारण आपल्या हवेत ती लगेच तापते. आणि शेजारी पाण्याचा ग्लास असू द्या: गारव्याने अल्कोहोल जाणवत नाही, पण असतं तेवढंच.