बाप्तिस्मा झाला म्हणजे डोळे उघडले?

आध्यात्मिक अंधत्व, म्हणजे देवाचं सत्य आणि स्वतःचा दोष न दिसणं, विश्वास न ठेवणाऱ्यांना असतं, आपल्याला नाही, असा समज ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) पक्का बसलाय. आधार बायबलमधल्या २ करिंथ ४:४ चा. तिथे अविश्वासणाऱ्यांच्या मनाबद्दल लिहिलंय, हे खरंच. पण २ पेत्र १:९ विश्वासणाऱ्यांनाच आंधळा, अदूरदृष्टीचा म्हणतं. लावदिकीयाची मंडळीही मंडळीच होती, ‘मला काही उणे नाही’ म्हणणाऱ्या तिला डोळ्यांत घालायला अंजन घ्यायला सांगितलं (प्रकटी. ३:१७-१८).

मार्क ८ उघडा. येशूने मोडलेल्या पाच भाकरींत पाच हजार जेवले, बारा टोपल्या उरल्या. सातांत चार हजार, सात टोपल्या. टोपल्यांचा आकडा त्याच्या शिष्यांना तोंडपाठ, तरी तारवात (होडीत) एकच भाकर म्हणून काळजी! माहिती असणं म्हणजे दिसणं नव्हे. लगेच पुढे बेथसैदाचा आंधळा: येशूच्या पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात. तो ते लपवत नाही, म्हणून दुसरा स्पर्श होतो.

ओळखायचं कसं? प्रवचन ऐकताना दरवेळी दुसऱ्याचाच चेहरा आठवतो का, बघा. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली होती; पण नाथान संदेष्ट्याने गरिबाची मेंढी बळकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, तेव्हा त्याला तो श्रीमंत दोषी दिसला, स्वतः नाही; नाथानाला ‘तो तूच’ म्हणावं लागलं (२ शमु. १२).

उपायाची सुरुवात पेत्राच्या यादीपासून (२ पेत्र १:५-७) करा: विश्वासात सात्त्विकता, ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम, प्रीती यांची भर. आठवड्याला एकच गुण घ्या, आणि तो आपल्यात कुठे कमी पडतो हे घरच्या माणसाला विचारा. इथेच बहुतेकांचं बिनसतं: उत्तर पुरतं ऐकायच्या आत स्वतःची सफाई देणं सुरू होतं. त्याऐवजी उत्तर लिहून घ्या, देवा, माझं मन तपास असं मागणारं स्तोत्र १३९:२३-२४ प्रार्थना म्हणून म्हणा, आणि ज्याला दुखावलंय त्याच्याकडे त्याच आठवड्यात जा.