ग्रेडेड अ‍ॅक्टिव्हिटी आणि ग्रेडेड एक्स्पोजर: दोन्हींना ‘हळूहळू वाढवा’ म्हणू नका

जुन्या कंबरदुखीच्या चिठ्ठीवर नाशिकमध्ये सर्रास एकच ओळ दिसते: ‘हालचाल हळूहळू वाढवा.’ या ओळीत दोन निराळे उपचार कोंबले जातात आणि पेशंटला धड एकही मिळत नाही.

ग्रेडेड अ‍ॅक्टिव्हिटी बहुतेकांना ठाऊक आहे. मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७०च्या दशकात रुजवलेली ही पद्धत. व्यायाम दुखण्याच्या नाही, ठरलेल्या कोट्याच्या हिशोबाने चालतो. पेशंट गंगापूर रोडला सलग १० मिनिटं चालू शकत असेल, तर सुरुवात ८ मिनिटांनी. बरं वाटलं म्हणून २० नाही, दुखलं म्हणून शून्य नाही.

ग्रेडेड एक्स्पोजर म्हणजे ज्या हालचालीची भीती वाटते तिला पायरीपायरीने सामोरं जाणं. इथे मोजायची ती भीती. व्लायेन आणि लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली सविस्तर मांडलेलं भीती आणि टाळाटाळीचं चक्र त्याच्या मुळाशी आहे. पिंपळगावला टोमॅटो घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला कुणीतरी ‘गादी सरकलीय, वाकू नका’ म्हणून सांगितलेलं असतं. तो तासभर आरामात चालतो, पण खाली पडलेली किल्ली बायकोला उचलायला लावतो. त्याच्या चालण्यात १० मिनिटांची भर घालून काय उपयोग? चालायला तो घाबरतच नव्हता.

आधी त्याच्याच तोंडून भीतीची उतरंड काढायची. तळाच्या पायरीवर बसून बूट घालणं असेल, तर वरच्या पायरीवर २० किलोचं भरलेलं कॅरेट पिकअपमध्ये चढवणं. मग प्रत्येक पायरीआधी विचारायचं, ‘दादा, वाकलात तर काय होईल?’ ‘कंबर धरंल, उठताच येणार नाही.’ मग रिकामं कॅरेट उचलायला लावायचं आणि म्हणाले होते तसं झालं का, हेही त्यांनाच विचारायचं. थोडं दुखलं असेल, पण उठता आलं. सगळा उपचार या तफावतीत आहे. स्नायू बळकट करणं हा हेतूच नसल्याने सेट आणि रिपिटेशनचे तक्ते इथे गैरलागू आहेत.

म्हणूनच कमरेला पट्टा बांधून केलेल्या एक्स्पोजरला मी एक्स्पोजर मानत नाही. कॅरेट उचललं जातं, श्रेय पट्ट्याला जातं, भीती जागच्या जागी राहते. श्वास रोखून, कंबर ताठ धरून उचललं तरी तेच. आणि ‘दुखलं की थांबा’ ही सूचना तर दोन्ही उपचारांची वाट लावते.

बरं वाटेल त्या दिवशी ढोरमेहनत आणि मग दोन दिवस अंथरूण, अशा पेशंटला कोटा द्या. ठराविक हालचाल टाळणाऱ्याला उतरंड. दोन्ही गोष्टी प्रशिक्षित फिजिओ करू शकतो. सोबत खोल नैराश्य असेल तर मानसोपचारतज्ज्ञ हवाच. यातलं काहीही ‘दुखणं मनाचं आहे’ असं म्हणत नाही, आणि पेशंटला कुणी तसं ऐकवलं की मला संताप येतो.

तपासणी मात्र आधी. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने गेली, तर कोटाही नको, उतरंडही नको. त्याच दिवशी सिव्हिल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.