खड्डा, मीठ, कोळसा आणि न पडणारी एमसीबी

‘अंगणात अर्थिंगचा रॉड पुरला, मीठ-कोळसा घातला, आता लीकेज झालं की एमसीबी पडणारच,’ असं वायरमन छातीठोक सांगतात. (एमसीबी म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप बंद पडणारा स्विच.) हिशेब करा. खड्ड्याचा रोध 10 ओहम धरला (उन्हात माती सुकली की वाढतोच), तर 230 व्होल्टला प्रवाह 23 अँपिअर. बी प्रकारच्या 16 अँपिअर एमसीबीला झटक्यात पडायला 48 ते 80 अँपिअर लागतात. 23 वर ती तासभरही पडेलच असं नाही. तोवर गिझरच्या बॉडीला करंट. हे काम 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीचं, म्हणजे एवढ्याशा गळतीलाही वीज तोडणाऱ्या स्विचचं. अर्थिंग तरीही हवंच; ते नसेल तर गळतीला वाट मिळते ती बहुधा तुमच्या अंगातूनच. आणि अर्थिंगची हिरवी वायर नळाला गुंडाळणाऱ्यांनो, पाइप आता प्लॅस्टिकचे आहेत!