छतावर सौर, तरी तार हवीच

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे शंभरेक घरांचं गाव 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं. मात्र छतावर पॅनेल बसली म्हणून खांबावरच्या तारेची गरज संपत नाही.

एक किलोवॉटच्या पॅनेलमधून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, महिन्याला साधारण 120. त्यातली बरीचशी येतात भर दुपारी, माणसं शेतात असताना. दिवे, टीव्ही, मिक्सर चालतात सकाळ-संध्याकाळ. दुपारी उरलेली वीज नेट मीटरमधून (दिलेली आणि घेतलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) लाइनवर जाते आणि तिची नोंद होऊन ती बिलातून वजा होते; अंधार पडला की आपण लाइनवरूनच वीज घेतो. ती मुख्यतः कोळशाची, थोडी पाण्याची. कोयनेचं धरणही याच पाटण तालुक्यात. 1,960 मेगावॉटच्या या प्रकल्पातली जनित्रं काही मिनिटांत सुरू करता येतात, कोळशाच्या संचाला तास न् तास लागतात. संध्याकाळी सौर वीज ओसरते तेव्हा अशी झटपट सुरू होणारी वीजच कामी येते. त्यामुळे सौर वीज वाढेल तसं कोयनेच्या पाण्याचं मोलही वाढत जाणार, असं मला ठामपणे वाटतं.

आता बिल. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात: 100 युनिटपर्यंत स्वस्त, 101 ते 300 बरेच महाग, पुढे आणखी. महिना 160 युनिट वापरणाऱ्याचे 120 युनिट वजा झाले, की उरलेले 40 स्वस्त टप्प्यात बसतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. मुळात 60-70 युनिटच वापरणाऱ्याची बचत कमी, त्याचे पैसे वसूल व्हायला वेळ लागतो. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा जास्तीला 78,000 रुपये अनुदान मिळतं. तरी आधी वर्षभराची बिलं समोर ठेवूनच क्षमता ठरवावी.

लोकांना सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. लख्ख ऊन असताना गावाची लाइट गेली, तर पॅनेलवालं घरही बंद पडतं. हा बिघाड नव्हे. लाइन मृत होताच साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घराला आणि लाइनला जोडणारं, बॅटरी नसलेलं यंत्र) स्वतःला तोडून घेतो. नाहीतर छतावरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेईल. लाइट वारंवार जात असेल, तर लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी. खर्च चांगलाच वाढतो, पण दोन-चार दिवे आणि पंख्यांपुरती बॅटरी लहानही चालते.