लिंबू पिळून कळत नाही, आत कोण आहे ते

कोल्हापूरच्या मासळी बाजारात कोकणातून येणाऱ्या कालवांवर किंवा खेकड्याच्या पाठीवर कधीकधी पांढऱ्या, वेड्यावाकड्या नळ्या चिकटलेल्या असतात. साफ करताना आपण त्या खरवडून टाकतो. बहुतेक वेळा ती सर्प्युलिडी कुळातल्या कृमींची घरं असतात. हे कृमी आणि शेतातलं गांडूळ एकाच, म्हणजे ॲनेलिडा संघातले.

नळीवर लिंबू पिळलं की तिच्यातला चुना फसफसतो. पण व्हर्मेटिड नावाची गोगलगायही तशीच नळी बांधते, आणि तीही फसफसते. मग नळी फोडून बघायची: आतून चकचकीत असेल तर गोगलगायीची, निस्तेज असेल तर कृमीची. सॅबेलारिडी कुळातले कृमी वाळूचे कण प्रथिनाच्या चिकट रसाने जोडतात. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असला तर लिंबू तिथेही फसवतं, म्हणून भिंग हवंच. सॅबेलिडी या आणखी एका कुळातल्या कृमींची नळी चिखल आणि चिकट स्रावाची, ओल्या चामड्यासारखी लवचिक.

खरी ओळख मात्र कृमीच्या अंगावर असते. डोक्यावरचा पिसांचा तुरा श्वासही घेतो आणि अन्नही गाळतो. अनेक सॅबेलिडी त्यातून आलेले कण चाळल्यासारखे निवडतात: मोठे फेकायचे, मधले नळीच्या बांधकामाला, बारीक पोटात. बहुतेक सर्प्युलिडींमध्ये तुऱ्यातल्या एका पिसाचं झाकण झालेलं असतं. कृमी आत गेला की दार बंद. तुऱ्याखालची कॉलर नळीच्या काठावर नवा चुना चढवते. छातीच्या भागात लांब केस वर आणि आकडे खाली असतात, पोटाच्या भागात नेमकं उलट. हे आकडे नळीच्या भिंतीत रुतलेले असतात, म्हणून ओढून कृमी निघत नाही, तुटतो. गुदद्वार नळीच्या तळाकडे असल्यामुळे विष्ठा अंगावरच्या एका पन्हाळीतून वर आणावी लागते. बंद बोळात राहणाऱ्याला कचरा पुढच्या दारानेच काढावा लागणार!

वर्गीकरणातली सगळ्यात मोठी उलथापालथ खोल समुद्रातल्या रिफ्टिया या नळीत राहणाऱ्या कृमीने घडवली. गालापागोसजवळच्या उष्ण झऱ्यांपाशी १९७७ मध्ये तो दिसला. लांबी माणसापेक्षा जास्त, प्रौढाला तोंड नाही, आतडं नाही. पोसतात ते शरीरातले जिवाणू. त्याच्यासाठी वेगळा संघ मानला गेला होता. पुढे डीएनएच्या पुराव्याने तो ॲनेलिडातच, सिबोग्लिनिडी कुळात आला.

सहलीला रत्नागिरीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची चूक ठरलेली: जिवंत कृमी थेट अल्कोहोलात. तो आखडतो, तुरा गळतो. त्याऐवजी १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात सुमारे ७५ ग्रॅम स्फटिकी मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवून, त्यात तेवढंच समुद्राचं पाणी मिसळून कृमी आधी शिथिल करावा. नळी मागच्या टोकाकडून फोडत यावी. मग १०% फॉर्मेलिन, धुऊन ७०% अल्कोहोल. डीएनए हवा असेल तर फॉर्मेलिन टाळून ९५% अल्कोहोल. तुटलेलं झाकण फेकू नये. अनेक प्रजातींचं नाव त्यावरच ठरतं.