गुप्त दोषांबद्दल विक्रेत्याचे दायित्व

खरेदीच्या वेळी साध्या पाहणीत न दिसलेला, पण वस्तूचा उपयोग किंवा मोल घटविणारा दोष नंतर उघड झाल्यास विक्रेत्यावर येणारी कायदेशीर जबाबदारी. युरोपीय दिवाणी संहितांतील यासंबंधीचे नियम मुख्यतः रोमच्या बाजारावर देखरेख करणाऱ्या क्यूरूल ईडाइल या अधिकाऱ्यांच्या जाहीरनाम्यावरून आले आहेत.

जाहीरनाम्याचा आरंभकाळ वादग्रस्त आहे. रोमन नाटककार प्लॉटसच्या नाटकांतील गुलामविक्रीच्या उल्लेखांवरून काही अभ्यासक तो इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभापर्यंत मागे नेतात. परंतु ही नाटके ग्रीक मूळावर बेतलेली असल्याने हा पुरावा जपून वापरावा लागतो. सिसेरोच्या काळी, म्हणजे इ. स. पू. पहिल्या शतकात, गुलामविक्रीपुरता तरी हा नियम रूढ होता. भारवाही जनावरांविषयीचे कलम बहुधा नंतरचे असावे. गुलामाचा रोग, व्यंग, पळून जाण्याची खोड विक्रेत्याने आधी सांगणे बंधनकारक होते. दात नसणे हा रोग काय, असाही खल विधिज्ञांनी केला. पॉलसचे उत्तर नकारार्थी आहे.

दोष लपविला गेल्यास ग्राहकाला सहा महिन्यांत सौदा रद्द करून किंमत परत मागता येई, किंवा वर्षभरात किंमत कमी करून मागता येई. विक्रेत्याला दोष ठाऊक नव्हता, हा बचाव चालत नसे. हेच या नियमाचे खरे वैशिष्ट्य होय. नियम सर्व वस्तूंना लागू असल्याचे विधान ५३३ च्या ‘डायजेस्ट’ या रोमन विधिज्ञांच्या लेखनाच्या संकलनामध्ये विधिज्ञ लाबेओच्या नावावर आहे; ते सम्राट जस्टिनियनच्या संकलकांनी मागाहून घातले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

रोमन विधिज्ञ ज्यूलियनने मांडलेला भेद मात्र वेगळ्या, खरेदीकराराच्या दाव्यातला आहे: रोगट गुरे किंवा सदोष तुळई जाणूनबुजून विकणाऱ्याने सर्व नुकसान भरावे, अजाण विक्रेत्याने फक्त किमतीतील फरक द्यावा. १८०४ च्या फ्रेंच संहितेत (कलमे १६४१ ते १६४९) दोन्ही धागे एकत्र आले. जाणत्या विक्रेत्यावर तीत नुकसानभरपाई आहे, अजाण विक्रेत्यावर किंमत आणि विक्रीचा खर्च परत करण्याची जबाबदारी. १९०० मध्ये अंमलात आलेल्या जर्मन संहितेने जंगम वस्तूंसाठी सहा महिन्यांची मुदत ठेवली. ती २००२ मध्ये सर्वसाधारणपणे दोन वर्षांची झाली आणि वस्तू दुरुस्त करून किंवा बदलून देण्याला अग्रक्रम मिळाला.

इंग्रजी कायद्याची वाट निराळी. ‘ग्राहकाने सावध असावे’ हे त्याचे सूत्र लॅटिन असले तरी रोमन कायद्यातले नव्हे. भारताच्या १९३० च्या मालविक्री अधिनियमातील कलम १६ याच परंपरेतले आहे.