व्हेनिसचा रेल्वेपूल आणि पोन्ते देल्ला लिबेर्ता: शेजारी असले तरी एक नव्हेत

मुख्य भूमीवरचं मेस्त्रे आणि बेटांवरचं व्हेनिस यांच्यामधल्या साडेतीन किलोमीटरच्या उथळ पाण्यावर दोन पूल अगदी खेटून उभे आहेत. आगगाडीच्या खिडकीतून काढलेल्या फोटोखाली सर्रास ‘पोन्ते देल्ला लिबेर्ता’ लिहिलं जातं. हे नाव शेजारच्या मोटाररस्त्याच्या पुलाचं. रेल्वेपूल त्याहून 87 वर्षांनी जुना, आणि या बेटांवरच्या शहराला जमिनीशी पहिल्यांदा जोडलं ते त्यानंच.

त्याचं काम 1841 मध्ये सुरू झालं, जानेवारी 1846 मध्ये तो खुला झाला. तेव्हा शहर ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. तळाशी नुसता गाळ, म्हणून लार्च या झाडाच्या लाकडाचे हजारो खुंट ठोकून त्यांवर पाये घातले. गाळात पुरलेल्या लाकडाला हवा लागत नाही, त्यामुळे ते सहसा कुजत नाही. खरा त्रास भरती-ओहोटीच्या पट्ट्यात होतो: खारं पाणी विटेत चढतं, सुकताना मिठाचे स्फटिक होतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. अशा जागी घट्ट पोताचा इस्त्रियन दगडच टिकतो.

कमानी 222, पण सलग नाहीत. 37 कमानींचे सहा टप्पे आणि त्यांच्यामध्ये पाच रुंद चौथरे अशी रचना आहे. कमानी एकमेकींच्या रेट्यावर तोललेल्या असतात. एक पडली की शेजारचीही ढासळू शकते. जड चौथरा हा रेटा स्वतःवर घेतो आणि पडझड तिथेच थांबते. ऑस्ट्रियाविरुद्ध उठलेल्या शहराला ऑस्ट्रियाच्या सैन्यानं 1849 मध्ये वेढा घातला, तेव्हा हे चौथरे वेगळ्याच कामी आले. मे महिन्याच्या अखेरीस मुख्य भूमीवरचा मार्गेराचा किल्ला सोडल्यावर व्हेनिसकरांनी पुलाच्या काही कमानी सुरुंगानं उडवल्या, मधल्या चौथऱ्यावर तोफा चढवल्या आणि ऑगस्टपर्यंत शहर लढवलं. ही झुंज रस्त्याच्या पुलाच्या खात्यावर मांडलेली वाचली की फार वाईट वाटतं. तो पूल तेव्हा नव्हताच.

रस्त्याचा पूल एउजेनिओ मिओत्सी या अभियंत्याचा. 1931 मध्ये काम सुरू, 25 एप्रिल 1933 रोजी उद्घाटन. फॅसिस्ट राजवटीनं दिलेलं ‘पोन्ते लित्तोरिओ’ हे नाव महायुद्धानंतर बदललं. जुन्या पुलाला शोभेल अशा विटा-दगडाच्या कमानी मिओत्सीनं ठेवल्या. दिसायला ते चांगलंच झालं, पण गोंधळाचं मूळही तेच.

ओळखायला सोपं आहे. व्हेनिसकडे तोंड केलं की उजव्या हाताला रस्ता, डाव्या हाताला रूळ. बस आणि ट्राम पिआत्साले रोमा या चौकात संपतात, रेल्वे सान्ता लुचिया स्टेशनात. तिकिटावर ‘वेनेत्सिया मेस्त्रे’ असेल तर ते स्टेशन पुलाच्या अलीकडे, मुख्य भूमीवर आहे. लांब पल्ल्याच्या काही गाड्या व्हेनिसमध्ये न शिरता फक्त तिथेच थांबून पुढे जातात. तिथे उतरावं लागलं तर सान्ता लुचियाची गाडी धरायची. दहा-बारा मिनिटांत ती पूल ओलांडते.